श्वासनलिकांचे स्नायू आवळतात ते विजेमुळे की रसायनांमुळे?

कुतूहल

मी उच्च माध्यमिक वर्गांना जीवशास्त्र शिकवते. स्नायूंचे आकुंचन शिकवताना आपण एक ठरलेली साखळी सांगतो: चेतातंतूतून विद्युत आवेग येतो, स्नायुपेशीच्या पटलावरचा विभव (पटलाच्या आत आणि बाहेर असलेला विद्युत दाबातला फरक) बदलतो, त्यामुळे कॅल्शियमची दारे उघडतात, पेशीतले कॅल्शियम वाढते आणि स्नायू आखडतो. श्वासनलिकांच्या भिंतीतल्या अपट्टकी (पट्टे नसलेल्या, अनैच्छिक) स्नायूंना हीच साखळी लावली, तर एक अडचण उभी राहते आणि ती एका विद्यार्थिनीने नेमकी पकडली. उच्च रक्तदाबावर दिली जाणारी निफेडिपिन, अ‍ॅम्लोडिपिन ही औषधे विभवावर चालणारे कॅल्शियम चॅनेल, म्हणजे हीच दारे, बंद करतात आणि त्यामुळे रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल पडतात. मग तीच औषधे दम्यात आवळलेल्या श्वासनलिका का उघडत नाहीत? दोन्हीकडचा स्नायू अपट्टकीच आहे.

मला याचे पेशीच्या पातळीवरचे उत्तर हवे आहे. "दोन्ही स्नायू वेगळे असतात" एवढ्यावर माझे आणि तिचेही समाधान होणार नाही.

दीर्घश्वास

कुतूहलताई, विद्यार्थिनीचे कौतुक करावे तेवढे थोडेच आहे, कारण हाच प्रश्न संशोधकांनाही पडला होता आणि ही औषधे दम्यावर खरोखरच वापरून पाहिली गेली. व्यायामानंतर येणाऱ्या दम्यात काहीसे संरक्षण दिसले, पण आवळलेल्या नलिका मोकळ्या करण्याचे काम त्यांच्याकडून म्हणावे तसे झाले नाही आणि दम्याच्या उपचारांत त्यांना स्थान मिळाले नाही.

कारण असे. मेंदूकडून हृदय-फुप्फुसांकडे येणाऱ्या व्हेगस चेतेच्या शेवटच्या टोकांतून सुटलेले अ‍ॅसिटिलकोलिन स्नायुपेशीवरच्या एम-३ या ग्राहीला (रसायनाचा संदेश टिपणाऱ्या प्रथिनाला) चिकटते. हा ग्राही स्वतः चॅनेल नाही. तो पटलाच्या आतल्या बाजूच्या जी-क्यू नावाच्या प्रथिनाला कामाला लावतो, ते प्रथिन फॉस्फोलायपेज-सी या विकराला (एन्झाइमला) चालना देते आणि ते विकर पटलातल्याच एका मेदरेणूचे दोन भाग करते. त्यांतला आयपी-३ हा भाग पेशीद्रवात उतरून आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीच्या आतल्या कोठारात, साठवलेल्या कॅल्शियमची दारे उघडतो. डायअसिलग्लिसेरॉल हा दुसरा भाग पटलातच राहून प्रोटीन कायनेज-सी या विकराला चेतवतो. या संपूर्ण वाटेवर विभवावर चालणारे दार कुठेच लागत नाही. अ‍ॅलर्जीत सुटणाऱ्या रसायनांपैकी हिस्टामिन एच-१ ग्राहीमार्फत आणि ल्युकोट्राइन त्यांच्या स्वतंत्र ग्राहीमार्फत हीच वाट धरतात. जे दार वापरलेच जात नाही, ते बंद करून फार काही साधत नाही.

ताम्रपट

मला हे फारच एकांगी वाटते. व्हेगस चेतेतून आवेग येतो तो विद्युतच असतो ना? मग विजेचा संबंध नाही असे कसे म्हणता येईल?

आयनमंडल

ताम्रपट, आपला आक्षेप योग्य आहे. फक्त वीज नेमकी कुठपर्यंत येते, ते पाहायला हवे. मी अशा स्नायूंच्या पट्ट्यांवर प्रयोग करतो, म्हणून प्रत्यक्ष जे दिसते तेच सांगतो.

श्वासनालाच्या कूर्चा पूर्ण कड्यांच्या नसतात. मागच्या बाजूला त्या उघड्या असतात आणि त्यांची दोन टोके स्नायूच्या एका आडव्या पट्टीने जोडलेली असतात. ही पट्टी कापून घेतात आणि ३७ अंश सेल्सियसच्या क्षारद्रावणात उभी टांगतात. द्रावणातून ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड यांचे बुडबुडे सोडतात. पट्टीचे खालचे टोक काचेच्या आकड्याला बांधलेले असते आणि वरच्या टोकाचा दोरा ताण मोजणाऱ्या संवेदकाला जोडलेला असतो. पट्टी आखडली की पडद्यावरची रेघ वर चढते.

आता द्रावणातले पोटॅशियम वाढवा. पटलावरचा ऋण विभव कमी होतो, विभवावर चालणारे कॅल्शियम चॅनेल उघडतात आणि रेघ वर जाते. त्यात निफेडिपिन घातले की ती जवळजवळ तळाला येते. म्हणजे चॅनेल या स्नायूत आहेत आणि औषधही आपले काम चोख करते आहे. आता दुसरी पट्टी घ्या, निफेडिपिन आधीच घालून ठेवा आणि मग अ‍ॅसिटिलकोलिन घाला. पट्टी तरीही जोराने आखडते. आकुंचनाचा बहुतांश भाग शाबूत राहतो. विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर या दोन रेघांत आहे.

विजेचे म्हणाल, तर पट्टीच्या दोन बाजूंना इलेक्ट्रोड ठेवून अगदी अल्पकालीन विद्युत स्पंद दिले, तरी पट्टी आखडते. पाहणाऱ्याला वाटते की वीज स्नायूला लागली. पण त्याच द्रावणात अ‍ॅसिटिलकोलिनचे ग्राही अडवणारे अ‍ॅट्रोपिन घातले, की डुकराच्या किंवा कुत्र्याच्या श्वासनालाची पट्टी त्याच स्पंदांना दाद देत नाही. चेतातंतूंचे सोडियम चॅनेल बंद करणारे टेट्रोडोटॉक्सिन घातले, तरी तोच परिणाम होतो. वीज चेतातंतूपर्यंत गेली, तिथे रसायन सुटले आणि स्नायूने त्या रसायनाला प्रतिसाद दिला. रक्तवाहिन्यांच्या स्नायूंवर काम करताना सोमल्यो दांपत्याने १९६८ साली हे दोन मार्ग वेगवेगळे मांडले: विभवबदलातून होणारे आकुंचन आणि विभव फारसा न बदलता औषधद्रव्याने वा संप्रेरकाने घडवलेले आकुंचन. श्वासनलिकेचा स्नायू प्रामुख्याने दुसऱ्या मार्गावर चालतो.

पारिजातक

हृदयाच्या स्नायूत जशी विद्युत लाट एका पेशीतून दुसरीत जाते, तशी इथे का जात नाही? पेशी तर एकमेकींना चिकटूनच असतात.

आयनमंडल

पारिजातक, पेशींमध्ये जोडमार्ग असतात, पण मुळात पसरायला क्रियाविभवच (विभवाची झटक्यात उसळणारी विद्युत लाट) सहसा निर्माण होत नाही. या पेशीचा विश्रांतीतला विभव सुमारे उणे ६० मिलिव्होल्टच्या आसपास असतो. तो शून्याकडे सरकू लागला, की पोटॅशियमचे चॅनेल मोठ्या संख्येने उघडतात, धनभार बाहेर जाऊ लागतो आणि विभवाची चढण मध्येच थांबते. त्यांतला सर्वांत प्रभावी चॅनेल बीके या नावाने ओळखला जातो. पेशीतले कॅल्शियम वाढले तरी तो उघडतो आणि विभव चढला तरी उघडतो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी लगाम त्याच्याच हाती राहतो. टेट्राएथिल अमोनियम हे पोटॅशियम चॅनेल बंद करणारे द्रव्य द्रावणात घातले, की एरवी शांत असणारा हाच स्नायू क्रियाविभव दाखवू लागतो. क्षमता अंगी आहे, ती दाबून ठेवलेली असते.

मीमांसा

दीर्घश्वास आणि आयनमंडल यांचे म्हणणे मुळात मान्य करूनही मला त्यात भर घालायची आहे, कारण धागा आता दुसऱ्या टोकाला झुकतो आहे. विभवाला पूर्णपणे बाजूला सारणे बरोबर ठरणार नाही.

पहिली गोष्ट अशी, की अ‍ॅसिटिलकोलिन दिल्यावर पेशीचा विभव स्थिर राहत नाही. तो टप्प्याटप्प्याने चढतो. साठ्यातून सुटलेले कॅल्शियम पटलावरचे क्लोराइड चॅनेल उघडते. अपट्टकी स्नायूंच्या पेशीत क्लोराइडचे प्रमाण बरेच जास्त असल्यामुळे ते बाहेर पडते आणि ऋणभार बाहेर गेल्याने विभव शून्याच्या दिशेने सरकतो. या चॅनेलचे प्रथिन २००८ साली ओळखले गेले. म्हणजे एकच कॅल्शियम एकीकडे क्लोराइडमार्फत पेशीला उत्तेजनाकडे ढकलते आणि दुसरीकडे आयनमंडल यांनी सांगितलेल्या बीके चॅनेलमार्फत मागे ओढते. कोणत्या क्षणी कोणाची सरशी होते, यावर विभवावर चालणाऱ्या चॅनेलमधून किती कॅल्शियम आत येणार हे ठरते.

दुसरी गोष्ट साठ्याची. आंतर्द्रव्यजालिकेतला साठा अमर्याद नाही. बाहेरच्या द्रावणातून कॅल्शियम काढून टाकले आणि अ‍ॅसिटिलकोलिन दिले, तर पट्टी सुरुवातीला आखडते आणि मग तिचा जोर ओसरतो, कारण रिकामा झालेला साठा भरून निघत नाही. साठा रिता होत असल्याचे जालिकेच्या भिंतीवरच्या स्टिम-१ या प्रथिनाला कळते आणि ते पेशीपटलावरचे ओराय-१ चॅनेल उघडायला लावते. ही भरपाईची वाट विभवाच्या दारातून जात नाही, हे दीर्घश्वास यांच्या बाजूनेच आहे. पण बाहेरच्या कॅल्शियमविना आकुंचन टिकत नाही, एवढे तरी विद्यार्थ्यांना सांगायलाच हवे. पेशीबाहेर कॅल्शियमचे प्रमाण आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट असते, त्यामुळे दार कोणतेही असो, उघडले की ते आत येणारच.

तिसरी गोष्ट मला सर्वांत सुंदर वाटते. फुप्फुसाचे पातळ काप करून त्यांतल्या जिवंत श्वासनलिका सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतात. कॅल्शियमला बांधले गेल्यावर चमकणारे रंगद्रव्य पेशीत भरले, तर अ‍ॅसिटिलकोलिन दिल्यावर प्रत्येक स्नायुपेशीत कॅल्शियमच्या लाटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावताना दिसतात. रसायनाची मात्रा वाढवली, की लाटा अधिक वेगाने एकामागून एक येऊ लागतात आणि नलिकेचे तोंड अधिक आवळते. उंदराच्या फुप्फुसाच्या कापांत पोटॅशियम वाढवून विभव बदलला, तरी लाटा दिसतात, पण त्या संथ असतात आणि नलिका सलग आवळण्याऐवजी थांबून थांबून आचके देते. दोन संकेतांचा फरक इतका डोळ्यांदेखत दिसतो.

ताम्रपट

मीमांसाताई, आता माझे समाधान होऊ लागले आहे. पण मग रक्तवाहिनीत निफेडिपिन एवढे प्रभावी का ठरते, हे अजून कोणी सांगितलेले नाही. मूळ प्रश्नाचा अर्धा भाग तोच आहे.

मीमांसा

बरोबर आहे. लहान रोहिण्यांच्या स्नायूंना रक्ताच्या दाबाचा ताण सतत बसत असतो. त्या ताणामुळे पेशीपटलाचा विभव अंशतः चढलेल्या अवस्थेत राहतो, विभवावर चालणारे कॅल्शियम चॅनेल थोडे थोडे उघडत राहतात आणि रोहिणीचा कायमचा आवळपणा बऱ्याच अंशी त्यांच्यावर टिकून असतो. ते बंद केले, की रोहिणी सैल पडते आणि दाब उतरतो. श्वासनलिकेचा नेहमीचा आवळपणा मुख्यतः व्हेगसच्या अ‍ॅसिटिलकोलिनवर टिकलेला असतो. चॅनेल दोन्हीकडे आहेत. स्नायू कोणाच्या भरवशावर आवळून राहतो, ते निराळे आहे.

उंबरठा

मी वैद्यकातला नाही. मला लहानपणापासून दमा आहे, म्हणून हा धागा मन लावून वाचतो आहे. श्वासातून घ्यायची औषधे या साखळीत नेमकी कुठे लागू पडतात? सालब्युटामॉलने काही मिनिटांत छाती मोकळी होते, तेव्हा नक्की काय घडते?

दीर्घश्वास

उंबरठा, आपला प्रश्न विषयाला धरूनच आहे.

माणसाच्या श्वासनलिकांच्या स्नायूंना अनुकंपी (ताणाच्या वेळी शरीराला सज्ज करणाऱ्या चेतासंस्थेचे) चेतातंतू जवळजवळ मिळतच नाहीत, तरीही त्यांच्यावर बीटा-२ ग्राही भरपूर असतात. ते रक्तातून येणाऱ्या अ‍ॅड्रेनलिनला प्रतिसाद देतात. सालब्युटामॉल त्याच ग्राहीला चिकटते. आत चक्रीय एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो आणि तो प्रोटीन कायनेज-ए या विकरामार्फत अनेक ठिकाणी एकाच वेळी काम करतो: साठ्यातून कॅल्शियम सुटणे कमी होते, कॅल्शियमच्या लाटा मंदावतात, आकुंचन यंत्रणेची कॅल्शियमबद्दलची संवेदनशीलता घटते आणि बीके चॅनेल उघडल्याने विभव पुन्हा खाली जातो. हे शेवटचे काम विजेच्या बाजूचे आहे, म्हणून मीमांसाताईंचा मुद्दा औषधांच्या बाबतीतही लागू पडतो.

इप्राट्रोपियम आणि टायोट्रोपियम ही औषधे साखळीच्या सुरुवातीलाच एम-३ ग्राही अडवतात. टायोट्रोपियम एम-३ ग्राहीवरून सुटायला एका दिवसाहून अधिक वेळ घेते, म्हणून ते दिवसातून एकदाच पुरते. माँटेलुकास्ट ल्युकोट्राइनचा ग्राही अडवते. आणि एक सावधगिरीची गोष्ट: प्रोप्रॅनोलॉलसारखे बीटा ग्राही अडवणारे औषध दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिका धोकादायक रीतीने आवळू शकते. म्हणून कोणत्याही आजारासाठी डॉक्टरांकडे गेलात, तरी दमा असल्याचे आधी सांगा आणि इथे वाचून स्वतःची औषधे कमी-जास्त करू नका.

ताम्रपट

माझा आणखी एक प्रश्न आहे. कॅल्शियम सुरुवातीला झपकन वाढते आणि मग बरेच खाली येते, असे वाचले आहे. मग नलिका पुढे तासन् तास आवळलेली कशी राहते?

आयनमंडल

हा प्रश्न कॅल्शियमच्या पुढच्या टप्प्याचा आहे आणि अनेक पुस्तकांत तो घाईघाईने आटोपला जातो.

हातापायांच्या पट्टकी स्नायूत कॅल्शियम ट्रोपोनिनला चिकटते आणि अ‍ॅक्टिनवरची अडवणूक दूर होते. अपट्टकी स्नायूत ट्रोपोनिनची ती व्यवस्था नाही. इथे कॅल्शियमचे चार आयन कॅल्मोड्युलिन या प्रथिनाला चिकटतात, ती जोडी मायोसिन लाइट चेन कायनेज या विकराला जागे करते आणि ते विकर मायोसिनच्या एका छोट्या साखळीवर फॉस्फेट बसवते. फॉस्फेट बसले, की मायोसिन अ‍ॅक्टिनला ओढू लागते. या रासायनिक पायऱ्यांमुळेच हा स्नायू पट्टकी स्नायूपेक्षा संथपणे आखडतो.

पण फॉस्फेट काढून टाकणारे दुसरे विकरही सतत काम करत असते, त्याचे नाव मायोसिन फॉस्फेटेज. टाकीत पाणी किती राहील, हे नळाइतकेच मोरीवरही अवलंबून असते. ज्या ग्राहींमुळे आयपी-३ तयार होतो, तेच ग्राही र्‍हो-ए आणि र्‍हो कायनेज या जोडीलाही चालना देतात आणि र्‍हो कायनेज मायोसिन फॉस्फेटेजला निष्प्रभ करते. दीर्घश्वास यांनी उल्लेख केलेले प्रोटीन कायनेज-सी हेसुद्धा सीपीआय-१७ या लहान प्रथिनामार्फत तेच साधते. परिणामी कॅल्शियम उतरले, तरी त्या थोड्या कॅल्शियममध्येही आकुंचन टिकते. पोटॅशियमने केवळ विभव बदलल्यास संवेदनशीलतेतली ही वाढ रसायनाइतकी ठळकपणे घडत नाही, म्हणूनच त्याच कॅल्शियमला रसायनाकडून अधिक ताण मिळतो.

शिवाय एक गोष्ट १९८१ साली रोहिणीच्या स्नायूवर दाखवली गेली. फॉस्फेटचे प्रमाण घटल्यावरही ताण कायम राहतो, मायोसिन आणि अ‍ॅक्टिन यांचे बंध अतिशय सावकाश सुटतात आणि ऊर्जेचा खर्च अगदी कमी होतो. श्वासनलिकेचा स्नायू न थकता आवळून राहू शकतो, त्यात या गुणधर्माचाही वाटा आहे.

पारिजातक

या सगळ्याच्या मुळाशी असलेला प्रयोग इथे नोंदवल्यावाचून राहवत नाही. ऑटो लोवी यांनी १९२१ साली बेडकाच्या हृदयाची व्हेगस चेता उत्तेजित केली आणि त्या हृदयातून आलेले द्रावण दुसऱ्या हृदयावर सोडले. दुसऱ्या हृदयाची गतीही मंदावली. चेतेच्या टोकाशी वीज संपते आणि रसायन सुरू होते, हे त्यातून दिसले. त्यांना आणि हेन्री डेल यांना १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तीच व्हेगस आणि तेच अ‍ॅसिटिलकोलिन हृदयाला मंद करतात आणि श्वासनलिकेला आवळतात, कारण हृदयावर प्रामुख्याने एम-२ ग्राही आहे आणि श्वासनलिकेचे आकुंचन एम-३ घडवतो.

कुतूहल

सर्वांची मी मनापासून आभारी आहे. वर्गात मी आता असे सांगू का: वीज चेतातंतूच्या टोकापर्यंत संदेश आणते, तिथून रसायन तो संदेश स्नायूकडे नेते आणि स्नायुपेशीचा स्वतःचा विभव त्या संदेशाचा जोर कमी-अधिक करतो?

मीमांसा

अवश्य सांगा. फक्त "स्नायूकडे संदेश नेहमी चेतेकडूनच येतो" असा समज होऊ देऊ नका. अ‍ॅलर्जीच्या झटक्यात श्लेष्मल त्वचेजवळच्या मास्ट पेशी हिस्टामिन आणि ल्युकोट्राइन थेट ओततात, तेव्हा चेतेच्या आवेगाची गरजच उरत नाही. ल्युकोट्राइन तर नलिका आवळण्यात हिस्टामिनपेक्षा सुमारे हजारपट प्रभावी असते. त्याचबरोबर नलिका सैल करणारे चेतातंतूही असतात. माणसात ते मुख्यतः नायट्रिक ऑक्साइड सोडतात. आणि नलिकेची त्रिज्या निम्मी झाली, तर संथ प्रवाहात हवेला होणारा विरोध सोळापट वाढतो, हे गणित फळ्यावर जरूर करून दाखवा; एवढ्याशा स्नायूमुळे जीव का घाबरा होतो, ते त्यावरून मुलांना लगेच उमजते.

उंबरठा

साध्या सर्दीनंतर माझा दमा हमखास बळावतो. त्याचाही या साखळीशी संबंध आहे का?

दीर्घश्वास

आहे, आणि तो चेतेच्या टोकाशीच आहे. पारिजातक यांनी हृदयावरच्या ज्या एम-२ ग्राहीचा उल्लेख केला, तोच श्वासनलिकेतल्या चेतातंतूंच्या टोकांवरही असतो. सुटलेले अ‍ॅसिटिलकोलिन मागे फिरून या ग्राहीला चिकटते आणि पुढचे अ‍ॅसिटिलकोलिन सुटण्याला आळा बसतो. विषाणूच्या संसर्गात हा ग्राही नीट काम करेनासा होतो. अ‍ॅलर्जीत इओसिनोफिल नावाच्या श्वेतपेशी चेतांच्या भोवती जमतात आणि त्यांचे एक प्रथिन या ग्राहीला अडवून धरते. आळा सुटला, की तेवढ्याच आवेगाला चेतेतून अधिक अ‍ॅसिटिलकोलिन बाहेर पडते. प्राण्यांवरील प्रयोगांत हे स्पष्टपणे दिसले आहे. सर्दीच्या वेळी श्वासनलिकेच्या अस्तराला सूज येते, श्लेष्मा वाढतो आणि ल्युकोट्राइनही सुटतात, त्यामुळे सगळा दोष एम-२ वर टाकता येणार नाही. पण दम्याच्या तीव्र झटक्यात सालब्युटामॉलच्या जोडीला इप्राट्रोपियम दिले जाते, ते व्हेगसची ही वाट अडवण्यासाठीच.